साभार आणि नोटीस

१

गेल्या वर्षी ऐन आषाढात आमच्या ग्रंथालयाच्या ईमेलवर एक इंग्रजी पत्र येऊन पडले. ग्रंथालय तालुक्याच्या गावचे, संकेतस्थळ एका हौशी सभासदाने विनामूल्य बांधून दिलेले. त्यावर काव्यवाचनाच्या एका जुन्या कार्यक्रमाचे निमंत्रण तसेच राहून गेले होते आणि निमंत्रणाच्या माथ्यावर पावसाने ओल्या झालेल्या खिडकीचे छायाचित्र होते. हे छायाचित्र आमच्या ग्राहकाच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा परवाना तुम्ही घेतल्याची नोंद आम्हाला आढळत नाही, तरी एकवीस दिवसांत ४८० युरो भरावेत, असा पत्राचा आशय होता. पाठवणारी संस्था युरोपातली. आजच्या दराने ही रक्कम पन्नास हजार रुपयांच्या आसपास जाते. आमच्या ग्रंथालयाची नियतकालिकांची वर्षाची वर्गणीही तेवढी होत नाही.

कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली आणि तीन मते पडली. कोषाध्यक्ष म्हणाले, भरून टाका, कोर्टकचेरी नको. एक सभासद म्हणाले, चित्र काढा आणि पत्र विसरून जा, सातासमुद्रापलीकडून आपल्या गावात कोण येतो? चिटणीसबाईंचे म्हणणे पडले की माफी मागावी आणि आपण वाचनसंस्कृतीसाठी धडपडणारी संस्था आहोत हे कळवावे. तासभर चर्चा झाली. एक गोष्ट मात्र कुणीच केली नाही. ते पत्र नीट वाचले नाही. वीस-पंचवीस वर्षे पुस्तकांवर बोलणारी आम्ही माणसे. कथेतला निवेदक कोण, त्याला कितपत ठाऊक आहे, तो काय दडवतो, असे प्रश्न आम्ही दर महिन्याला विचारतो. हे पत्र मात्र आम्ही अंगावर वीज पडावी तसे घेतले.

प्रस्तुत लेख त्या पत्राच्या वाचनातून निघाला. आंतरजालावरील चित्रांच्या वापराबद्दल पैसे मागणारी अशी पत्रे आता जगभर जातात आणि त्यांची घडण इतकी ठरून गेली आहे की तो एक स्वतंत्र गद्यप्रकार मानायला हरकत नाही. त्याला उत्तर देण्याआधी त्याची समीक्षा करावी लागते. पण ती प्रामाणिकपणे करायची तर आपल्याकडचा दुसरा एक मजकूरही त्याच कसोटीला लावला पाहिजे. तो फक्त दोन शब्दांचा आहे: ‘आंतरजालावरून साभार’. माझे म्हणणे असे की या दोन्ही मजकुरांतून एकच माणूस गहाळ झालेला असतो, तो म्हणजे छायाचित्र काढणारा. म्हणून नोटिशीच्या उत्तराची सुरुवात त्याचे नाव विचारण्यापासून झाली पाहिजे, आणि तो प्रश्न दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार मिळवायचा तर आधी स्वतःलाही विचारला पाहिजे.

२

मराठी वाचकाला वकिलाची नोटीस अपरिचित नाही. तिची सुरुवात ठरलेली असते. माझे अशील अमुक अमुक, वय इतके, धंदा अमका, राहणार तमक्या गावी, यांनी दिलेल्या माहितीवरून ही नोटीस देण्यात येते. मग हकीगत, मग मागणी, मग मुदत, आणि शेवटी होणाऱ्या परिणामांस व खर्चास आपण जबाबदार राहाल हा इशारा. भाषा रुक्ष असते, कधी उर्मटही असते. पण बोलणारा कोणातर्फे बोलतो आहे हे पहिल्याच वाक्यात कळते. त्याला वय असते, गाव असते. ज्याला नोटीस मिळाली तो त्या गावी जाऊन त्या माणसाला भेटू शकतो.

छायाचित्रांची नोटीस हा साचा मोडते. तिच्यात प्रकरण क्रमांक असतो, संबंधित पानाची पडद्यावरून टिपलेली प्रतिमा असते, शेजारी मूळ चित्राची लहान आवृत्ती असते, तारीख असते, रक्कम असते आणि पैसे भरण्यासाठी दुवा असतो. अशील मात्र ‘आमचा ग्राहक’ एवढाच. काही पत्रांत चित्रसंस्थेचे नाव येते, छायाचित्रकाराचे फार क्वचित. क्रियापदे कर्मणी चालतात. वापर ‘आढळून आला’ आहे, परवाना ‘दिसून येत नाही’, नुकसान ‘झालेले आहे’. कोणाला आढळला, हा प्रश्न वाक्यरचनाच पुसून टाकते.

खरे उत्तर असे की तो माणसाला आढळलेलाच नसतो. चित्रे ओळखणारी संगणकप्रणाली आंतरजालावरची पाने चाळत राहते आणि संग्रहातल्या चित्रांशी जुळणी करते. ‘गेटी इमेजेस’ या मोठ्या चित्रसंस्थेने असे तंत्र विकसित करणारी ‘पिकस्काउट’ ही इस्रायली कंपनी २०११ मध्ये विकत घेतली, यावरून या तंत्राचे व्यापारी महत्त्व ध्यानात यावे. या प्रणालीला दोन चित्रे सारखी आहेत हे फार चांगले कळते. ते चित्र तिथे कसे आले, कोणी परवानगी दिली होती का, ते मुळात कोणाच्याही मालकीचे उरले आहे का, यांतले काहीही तिला कळत नाही. तिचा निवेदक सर्वत्र संचार करतो, पण सर्वज्ञ नसतो. पत्राचा सूर मात्र सर्वज्ञाचा असतो. या गद्याची पहिली गोम इथे आहे.

दुसरी गोम रकमेत. ४८० हा आकडा कुठून आला याचे गणित पत्रात नव्हते. मागणीचे वर्णन कुठे ‘नुकसानभरपाई’ असे होते, कुठे ‘मागील काळासाठीचा परवाना’ असे. दोन्ही एकच नाहीत. परवाना म्हणजे विक्री, भरपाई म्हणजे दाद. परवाना विकत घ्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवते, भरपाई किती हे वाद झाल्यास न्यायालय ठरवते. या पत्राचा आवाज समन्साचा आणि रचना बिलाची असते. वाचणारा घाबरतो समन्साला आणि पैसे भरतो बिलाचे.

३

निवेदकाला खरोखर किती ठाऊक असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. कॅरोल हायस्मिथ या छायाचित्रकर्तीने अमेरिकेतली गावे, रस्ते, इमारती आयुष्यभर टिपल्या आणि आपली हजारो छायाचित्रे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला जनतेच्या मुक्त वापरासाठी देऊन टाकली. डिसेंबर २०१५ मध्ये तिच्या संस्थेला एक पत्र आले. संस्थेच्या संकेतस्थळावरील एका छायाचित्राचा परवाना नाही, १२० डॉलर भरा. ते छायाचित्र तिनेच काढलेले होते. ‘अलामी’ या चित्रसंस्थेच्या वतीने एका वसुली कंपनीने ते पाठवले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे ज्याने देवळाला दान दिले त्याच्याकडेच दानाची किंमत मागितली गेली.

हायस्मिथने जुलै २०१६ मध्ये गेटी, अलामी आणि संबंधितांवर दावा लावला. तिची १८,७५५ छायाचित्रे परवाने विकण्यासाठी मांडली असल्याचा तिचा आरोप होता आणि मागणी एक अब्ज डॉलरच्या वर होती. वर्तमानपत्रांनी त्या आकड्याचे मथळे केले. निकालाचे मथळे झाले नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रताधिकार कायद्यावर आधारलेले तिचे दावे फेटाळले आणि उरलेला वाद त्याच वर्षी मिटला. जी गोष्ट सर्वांसाठी खुली केली ती कोणी विकायला मांडली तर प्रताधिकाराच्या नावाने अडवता येत नाही, असा चित्रसंस्थांचा युक्तिवाद होता.

या प्रकरणातून दोन धडे निघतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांना जातात. पहिला, नोटीस आली म्हणजे हक्क आहेच असे नाही. खुद्द कर्त्यालाही नोटीस येऊ शकते. दुसरा, मुक्त चित्रावर ‘परवाना विकत मिळेल’ अशी पाटी लागलेली असू शकते, आणि ती पाटी लावणे व मालकीचा दावा करून वसुली करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच पत्रात नेमका कोणता दावा आहे हे शब्दशः पाहावे लागते.

बोलणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्नही अमेरिकेतच कसाला लागला. लास वेगासच्या ‘राइटहेवन’ नावाच्या कंपनीने २०१० पासून वर्तमानपत्रांतील मजकूर आणि छायाचित्रे वापरल्याबद्दल शेकडो जणांवर दावे लावले. त्यांत हौशी लेखक होते, छोट्या संस्था होत्या. वर्तमानपत्राने आपल्याला प्रताधिकार हस्तांतरित केला आहे, असे तिचे म्हणणे. मूळ करार न्यायालयासमोर आला तेव्हा दिसले की मालकीचे सारे सार वर्तमानपत्राकडेच राहिले होते, कंपनीला मिळाला होता तो फक्त दावा लावण्याचा हक्क. जून २०११ मध्ये न्यायाधीश रॉजर हंट यांनी तिला दावा लावण्याचा अधिकारच नाही असा निर्णय दिला आणि त्यानंतर तो सगळा डोलारा कोसळला. पुढे २०२० मध्ये छायाचित्रांचे हजारांहून अधिक दावे लावणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका वकिलाला एक लाख डॉलरहून जास्त दंड झाला. इतर गोष्टींबरोबर, छायाचित्राची नोंदणी दाव्याआधी झाली आहे हे त्याचे विधान खोटे निघाले होते. अमेरिकेत दावा लावण्याआधी नोंदणी लागते, म्हणून हे विधान तिथे कळीचे असते. आपल्याकडे नोंदणी ऐच्छिक आहे, त्यामुळे ‘नोंदणी दाखवा’ एवढेच लिहून भारतात कोणी सुटणार नाही.

ही तीन प्रकरणे वाचून मला बरे वाटले होते, हे कबूल करतो. नोटिशीवर तुटून पडायला हाताशी दारूगोळा मिळाला असे वाटले. मग चौथे प्रकरण वाचनात आले.

४

जर्मनीतल्या वाल्ट्रोप या गावच्या शाळेत एका विद्यार्थ्याने स्पॅनिश भाषेच्या वर्गासाठी लहानसे सादरीकरण केले. त्यात स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचे एक छायाचित्र होते. ते त्याने एका प्रवासविषयक संकेतस्थळावरून उतरवून घेतले होते. सादरीकरण चांगले झाले असावे, कारण शाळेने ते आपल्या संकेतस्थळावर ठेवले. छायाचित्रकार डर्क रेंकहॉफ यांचे म्हणणे असे की आपण वापराची परवानगी फक्त त्या प्रवास-संकेतस्थळाला दिली होती. त्यांनी छायाचित्र काढून टाकण्याची आणि ४०० युरोंची मागणी केली. प्रकरण चढत चढत युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये निर्णय झाला की मुक्तपणे पाहता येणारे छायाचित्रसुद्धा उतरवून घेऊन दुसऱ्या संकेतस्थळावर नव्याने ठेवायचे तर कर्त्याची परवानगी लागते. तिथला वाचकवर्ग नवा असतो, आणि मूळ ठिकाणचे चित्र कर्त्याने काढून घेतले तरी ही प्रत तशीच राहते.

यातला एक तपशील मराठी वाचकाने विसरू नये. त्या विद्यार्थ्याने चित्राखाली मूळ संकेतस्थळाचा उल्लेख केला होता. म्हणजे त्याने आपल्या परीने ‘साभार’ लिहिले होते. त्याने भागले नाही.

‘साभार’ हा शब्द मराठी नियतकालिकांत मोठ्या अदबीने आला. त्यामागे एक व्यवहार होता. दुसऱ्या नियतकालिकातला लेख पुनर्मुद्रित करायचा तर संपादक पत्र लिहीत, उत्तर येई, आणि त्या देवघेवीची पोच म्हणून खाली ‘अमुक मासिकावरून साभार’ छापले जाई. आभार मानायला समोर कोणीतरी होते आणि त्याने काहीतरी दिलेले होते. चित्रांच्या बाबतीतही आपली परंपरा नावाची आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चित्र हे या अंकांचे अंग राहिले आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले, आणि पुढे कितीतरी घरांत अंक हाती आल्यावर आधी मुखपृष्ठावरची सही पाहिली जाई. चित्रकार हा त्या अंकाचा लेखकाइतकाच धनी होता.

‘आंतरजालावरून साभार’ या ओळीत आभार कोणाचे? आंतरजाल ही वाट आहे, घर नव्हे. एसटी स्टँडवर कोणाची विसरलेली पिशवी उचलायची आणि ‘महामंडळाकडून साभार’ म्हणायचे, तशातली ही गत. या ओळीने आपण दोन गोष्टी साधतो. चित्र आपले नाही हे कबूल करतो, आणि ते कोणाचे हे शोधण्यातून सुटका करून घेतो. कायद्याच्या दृष्टीने पहिली गोष्ट उलट अंगाशी येणारी आहे. चित्र दुसऱ्याचे आहे हे तुम्हाला ठाऊक होते, याचा तो तुमच्याच हातचा पुरावा ठरू शकतो.

याच सवयीचा परिणाम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याच्या चित्रांतही दिसतो. विकिमीडिया कॉमन्सवरची असंख्य छायाचित्रे पैशाशिवाय वापरता येतात, अट बहुधा एवढीच की कर्त्याचे नाव आणि परवान्याचा उल्लेख करावा. आपण चित्र घेतो आणि नेमके नावच टाकून देतो. या परवान्याच्या ३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत अट मोडताच परवाना आपोआप संपतो. २०१३ च्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर परवाना पुन्हा जिवंत होतो. जुन्या आवृत्तीच्या कडकपणाचा फायदा घेऊन, चित्रे मोकळी सोडायची आणि नाव चुकवणाऱ्यांना गाठून वसुली करायची, असा उद्योग करणारेही निघाले. त्यांच्या हेतूबद्दल हवे ते बोलावे. पण किंमत म्हणून केवळ एक नाव मागितले असताना तेही आपल्याकडून दिले जात नाही, ही गोष्ट त्यांनी निर्माण केलेली नाही.

५

आता आपल्या देशातल्या कायद्याकडे वळू. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारी व्यक्ती तिची कर्ती. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय प्रताधिकार आदेशामुळे परदेशी छायाचित्रकारालाही इथे संरक्षण मिळते, तेव्हा ‘ते तिकडचे’ हा बचाव नाही. मुदतीची गोष्ट मराठी संशोधकांनी नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूर्वी छायाचित्राचा प्रताधिकार प्रसिद्धीच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षे चाले. २०१२ च्या दुरुस्तीने ते वेगळे कलम काढून टाकले आणि छायाचित्रालाही इतर कृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षांची मुदत लागू झाली. म्हणून १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली भारतीय छायाचित्रे दुरुस्तीआधीच मुक्त झालेली आहेत. जुन्या नाटकमंडळ्यांची, साहित्यसंमेलनांची त्या काळी छापून आलेली छायाचित्रे वापरताना भिण्याचे कारण नाही. चित्रांना मात्र आधीपासूनच हयातीचा हिशोब आहे. दलाल १९७१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा प्रताधिकार २०३१ च्या अखेरपर्यंत चालतो. त्यांची मुखपृष्ठे शुभेच्छापत्रांवर ‘साभार’ डकवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कलम ५२ प्रमाणे समीक्षा, संशोधन किंवा चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी केलेला रास्त वापर उल्लंघन ठरत नाही. एखाद्या छायाचित्राविषयी लिहिताना ते छायाचित्र दाखवणे यात बसू शकते. कवितेच्या निमंत्रणावर शोभेसाठी ओली खिडकी लावणे यात बसत नाही. आमच्या बचावाचा हा दरवाजा बंदच होता.

दुसरे दरवाजे मात्र उघडे होते. अमेरिकेत नोंदणी वेळेत झालेली असेल तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनात १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. आपल्या कायद्यात असा प्रतिकृती ठरलेला भाव नाही. तरीही जगभर जाणाऱ्या या पत्रांतून अमेरिकी आकड्यांची भीती घातली जाते. आपल्या कलम ५५ प्रमाणे मनाई, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशोब मागता येतो. कृतीवर प्रताधिकार असल्याची जाणीव नव्हती आणि तसे मानायला वाजवी कारणही नव्हते, हे प्रतिवादीने सिद्ध केले तर मनाई आणि नफ्यातला वाटा यांपलीकडे दाद मिळत नाही. अर्थात आजच्या काळात छायाचित्राबद्दल असे अज्ञान सिद्ध करणे सोपे नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी ते केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते.

दोन कलमे मात्र सहसा कोणी वाचत नाही. कलम ६० म्हणते की प्रताधिकाराचा दावा करून कोणी निराधार कारवाईची धमकी दिली, तर जिला ती मिळाली ती व्यक्ती न्यायालयात जाऊन आपण उल्लंघन केलेले नाही असे जाहीर करून घेऊ शकते, धमक्यांना मनाई मागू शकते आणि भरपाईही मागू शकते. धमकी देणाऱ्याने तत्परतेने खरा दावा लावून तो चालवला तर हे कलम लागू होत नाही. म्हणजे कायदा धमकीला सांगतो की एक तर न्यायालयात ये, नाहीतर गप्प बस. दुसरे कलम ५७. प्रताधिकार विकून टाकला तरी कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. मालकी एकाकडे आणि कर्तृत्व दुसऱ्याकडे असू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे. नोटीस मालकीविषयी बोलते आणि कर्तृत्वाविषयी मौन पाळते. ‘साभार’ तर दोन्हींविषयी मौन पाळतो.

६

मग उत्तर कसे लिहावे? आमच्या बैठकीतल्या तिन्ही मतांत एकेक चूक होती. लगेच भरणे म्हणजे निवेदकाला न तपासता सर्वज्ञ मानणे. विसरून जाणे म्हणजे हक्क खरा असेल तर तीन वर्षांपर्यंत दाव्याची टांगती तलवार ठेवणे, आणि न्यायालयाचे समन्स खरोखर आले तर एकतर्फी निकाल ओढवून घेणे. भरभरून माफी मागणे म्हणजे ज्याचा हक्क सिद्ध झालेला नाही त्याच्यापुढे लेखी कबुली देणे. वाचनसंस्कृतीसाठी धडपडतो हे तर कारणच नव्हे. छायाचित्रकारही कोणत्या तरी संस्कृतीसाठी धडपडतच असतो.

आम्ही शेवटी या क्रमाने गेलो. पत्रातल्या दुव्यावर बोट न लावता पाठवणाऱ्या संस्थेचा पत्ता स्वतंत्रपणे शोधला, कारण अशा पत्रांचे सोंग घेऊन संगणकात विषाणू सोडणारेही असतात. पानाची प्रत स्वतःच्या नोंदीसाठी जपून ठेवली आणि मग छायाचित्र उतरवले, निमंत्रणावरून आणि मागच्या साठवणीतूनही. चित्र कुठून आले होते ते त्या हौशी सभासदाला विचारले. त्याला आठवत नव्हते. मग एका परिचित वकिलांना दाखवून अर्ध्या पानाचे पत्र लिहिले. आपले पत्र मिळाले, छायाचित्र काढले आहे, यात कोणतीही कबुली समजू नये, आणि पुढील माहिती मिळाल्यास आम्ही विचार करू. छायाचित्रकाराचे नाव काय? त्याच्याकडून आपल्या ग्राहकाकडे हक्क कसा आला, त्याचा लेखी करार किंवा अनन्य परवाना दाखवता येईल का? हे छायाचित्र अशा लहान, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत्यक्षात किती रुपयांना दिले जाते? आणि ४८० या आकड्याचे गणित कसे केले?

या प्रश्नांत डावपेच नाही. हक्क खरा असलेल्या माणसाला चारही उत्तरे देता येतात, आणि ती मिळाली तर नेहमीच्या परवाना-शुल्काच्या आसपासची रक्कम देऊन लेखी पूर्तता करून घेणे हाच सरळ मार्ग आहे. ज्याने वापरले त्याने मोल द्यावे, यात वाद घालण्यासारखे काही नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नागपूरचा किंवा लिस्बनचा एकटा छायाचित्रकार जगभरची पाने कुठे शोधत बसणार? त्याच्या वतीने शोधणारी आणि वसूल करणारी संस्था हाच त्याचा हात. त्या संस्थेने लाखो पत्रे ठरीव साच्यात पाठवली तर त्यात गैर काय? गैर काही नाही, हे मला मान्य आहे. हक्क वसूल होणारच नसेल तर तो कागदावरच राहतो. पण जो हात त्याचा असेल त्याने त्याचे नाव सांगावे. नाव सांगितल्याने मागणी कमजोर होत नाही, उलट पक्की होते. नाव टाळून फक्त वसुली चालते तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात छायाचित्रकाराविषयी आदर निर्माण होत नाही, यंत्राविषयी धास्ती निर्माण होते. आणि धास्तावलेला माणूस पुढच्या वेळी नाव विचारत नाही, जास्त हुशारीने लपवतो.

जर्मनीत अशा नोटिशांचा सुळसुळाट झाला तेव्हा तिथल्या विधिमंडळाने २०१३ मध्ये कायदा बदलला. खासगी व्यक्तींना पाठवल्या जाणाऱ्या पहिल्या नोटिशीच्या वकिली खर्चाला मर्यादा घातली आणि नोटिशीत काय काय असले पाहिजे हेही लिहून ठेवले. ज्याच्या हक्काचे उल्लंघन झाले त्याचे नाव हा त्या यादीतला भाग आहे. आपल्या जुन्या वकिली नोटिशीत ते आपोआपच असे.

७

आमच्या पत्राला दहा दिवसांनी उत्तर आले. रक्कम ४८० वरून २४० युरोंवर आली होती. चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नव्हते, फक्त ग्राहकाविषयीची माहिती गोपनीय असल्याचे एक वाक्य होते. आम्ही पुन्हा तेच चार प्रश्न पाठवले आणि हक्क दाखवल्यास वाजवी रक्कम देण्याची तयारी लिहिली. त्यानंतर काही आलेले नाही. प्रकरण मिटले असे मी म्हणणार नाही. फाईल कपाटात आहे आणि मुदत संपेपर्यंत राहील.

त्या ओल्या खिडकीचे छायाचित्र कोणी काढले, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. कोणीतरी पावसात खिडकीशी उभा राहिला होता किंवा उभी राहिली होती एवढेच. आम्ही तिला विचारले नाही आणि त्यांनी तिचे नाव सांगितले नाही.

दरम्यान कार्यकारिणीने एक काम अंगावर घेतले. संस्थेच्या मागील चार वार्षिकांकांतली ‘साभार’ चित्रे मोजली. ती तेवीस निघाली. प्रत्येकाचा धनी शोधायला चिटणीसबाई आणि दोन मुले महिनाभर बसली. सातांचे धनी सापडले. त्यांतल्या तिघांनी नावासह वापराला परवानगी दिली. एका बाईंनी नकार दिला, त्यांचे चित्र संकेतस्थळावरच्या प्रतीतून काढले. दोघांची उत्तरे यायची आहेत. सातवा माणूस आमच्याच जिल्ह्यातला लग्नाचे फोटो काढणारा निघाला. त्याने पाचशे रुपये मागितले. आम्ही दिले आणि पावती घेतली. पावतीवर त्याने आपले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठसठशीत अक्षरांत लिहून दिले. यंदाच्या अंकात त्याच्या चित्राखाली ते तसेच छापले आहे.